बफ्टन घोडीला काही सांगत नाही

४ ऑक्टोबर १९४८

आयव्हरने नवा जॉकी आणला. मला न विचारता, हे वेगळं लिहायला नको. माझा भाऊ घोडा घ्यायचा असला की दातांपासून खुरांपर्यंत अर्धा दिवस तपासतो. माणूस मात्र हेरफर्डच्या बाजारात उभ्या उभ्या ठरवतो आणि घरी घेऊन येतो. नाव क्लेम बफ्टन. तिशी ओलांडलेला. लढाईत इटलीत रणगाड्यावर होता, त्याआधी बापाच्या शेतावर. चेहरा एकदा पाहून लक्षात राहू नये असा, कान मात्र राहतील असे.

सामान म्हणजे एक पिशवी आणि एक खोगीर. खोगीर त्याने माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. मी ते उचलून बाहेर ठेवलं. "माफ करा हं, मिस प्रीस," असं म्हणून तो खोगिरामागे निघाला आणि दाराच्या डाव्या चौकटीवर त्याचा खांदा आपटला. पिऊन आलाय की काय म्हणून मी वास घेतला. साबणाचा आला.

खरा अपमान पुढेच झाला. मी मेंढीच्या मानेचा रस्सा केला होता. लढाई संपून तीन वर्षं झाली तरी मांस अजून रेशनवर आहे, आणि या घरात मी ते कसं पुरवते ते माझं मला माहीत. या गृहस्थाने मांस आयव्हरच्या ताटात सरकवलं, बटाट्याकडे दुसऱ्याच्या बायकोकडे बघू नये तसं बघणं टाळलं, आणि बिनदुधाचा चहा मागितला. वजन वाढतं म्हणे. माणसांना उपाशी ठेवण्यासाठी मी स्वयंपाक शिकले नव्हते.

९ ऑक्टोबर

आज बफ्टनला पेशन्सवर बसवलं. ही आमची तपकिरी घोडी. हे नाव ज्याने ठेवलं त्याने तिला पाहिलेलं नसावं. मालक अ‍ॅम्फ्लेट खाटीक, आयव्हर तिला शर्यतीसाठी तयार करतो. आधीच्या प्रत्येक जॉकीला तिने चिखलात बसवलं आहे.

आमचे घोडे कुंपणांवरून उड्या मारत धावतात. चांगला जॉकी कुंपण जवळ आलं की घोड्याची पावलं मनात मोजतो आणि नेमक्या जागी त्याला सांगतो, उचल. पेशन्सला असं कुणी काही सांगितलेलं खपत नाही. या बाबतीत माझी तिला सहानुभूती आहे. बफ्टन तिच्यावर पिठाच्या पोत्यासारखा बसून राहिला. लगाम सैल, हात मांडीशी. पेशन्सने शेतातली सगळी कुंपणं आपल्या मर्जीने ओलांडली आणि परत येताना ती चक्क खुशीत होती.

आमचा म्हातारा मोतद्दार ज्यूक्स दारात येऊन म्हणाला, "बाई, तिच्या पाठीवर पहिल्यांदाच तोंड बंद ठेवणारा माणूस बसला."

"आळशी आहे," मी म्हटलं.

"असू दे की. तिला तेच आवडतंय."

२८ ऑक्टोबर

मिलब्रिजला पेशन्स पहिली आली! आयव्हरने घरी येऊन माझ्या हातातली बादली घेतली आणि स्वतः कोळसा आणायला गेला. मी त्याला ओळखते, हा आनंदाचा कळस.

पेपरात छापून आलंय: 'श्री. बफ्टन यांच्या हातांतला संयम वाखाणण्याजोगा.' मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. बफ्टन लाल झाला. "मी काहीच केलं नाही हो, मिस प्रीस. सगळं तिनेच केलं."

विनयाचा एवढा आव आणणारी माणसं मला आवडत नाहीत.

१२ नोव्हेंबर

पेशन्स पुन्हा जिंकली. बफ्टनची कीर्ती वाढते आहे आणि माझ्या टेबलक्लॉथवरचे डागही. या माणसाला चहा ओतता येत नाही. किटलीची तोटी कपाच्या काठावर टेकवून ओततो, एखाद्या आंधळ्या आजीसारखा, आणि टेकवायला विसरला की चहा बशीत.

शिवाय त्याने माझी खुर्ची घेतली. भिंतीकडेची. आई गेल्यापासून ती माझी आहे. "इथे बसलो तर चालेल का?" असं इतक्या अजिजीने विचारलं की नाही म्हणता येईना. आता त्याच्या डावीकडे भिंत आणि उजवीकडे आम्ही सगळे. सगळ्यांवर नजर ठेवायला बरं म्हणून असेल. आज अंगणात मी त्याच्या डाव्या हाताला उभी राहून उकडलेलं अंडं दोनदा पुढे केलं. बघितलंही नाही. उपाशीपोटी शिष्टपणा कुठून येतो कळत नाही.

३ डिसेंबर

बफ्टन पडला. आयव्हरने त्याला दुसऱ्या एका मोठ्या तांबड्या घोड्यावर बसवलं होतं. हा घोडा सांगकाम्या आहे, सांगितल्याशिवाय उडी मारत नाही. ज्यूक्स म्हणतो, घोडा बफ्टनच्या हुकमाची वाट बघत राहिला आणि बफ्टन घोड्याच्या. दोघंही वाट बघत बघत कुंपणात गेले. गळपट्टीचं हाड मोडलं. घोड्याला काही झालं नाही.

आयव्हरने मिटवून टाकलं, "यापुढे तो फक्त पेशन्सवर बसेल."

"का?"

"मी सांगतो म्हणून."

दुसरं खूळ त्याने हल्ली काढलंय ते मैदानांचं. मैदान उजवीकडे वळणारं असलं की आयव्हरला तिथली जमीन एक तर फार कडक वाटते, नाही तर फार ओली. पेशन्स फक्त डावीकडे वळणाऱ्या मैदानांवर धावते. माझा भाऊ पन्नाशीतच खुळावला आहे.

२५ डिसेंबर

अ‍ॅम्फ्लेटने नाताळच्या जेवणासाठी कलहंस पाठवला. खाटकाची घोडी सांभाळण्यात एवढा फायदा आहे. हाड जुळेपर्यंत शर्यत नाही म्हणून बफ्टनने आज एक पंख खाल्ला. मग मी वाफवलेलं पुडिंग आणलं, बेदाण्याचं. त्याने एक घास घेतला आणि डोळे मिटले. मग दुसऱ्यांदा घेतलं. मग उठला, स्वेटरवर स्वेटर चढवले आणि पावसात टेकडीवर पळत गेला, खाल्लेलं उतरवायला.

वरच्या फाटकापर्यंत तो तीनदा गेला आणि आला. मी खिडकीतून बघत होते. म्हणजे भांडी घासत होते, आणि खिडकी समोरच आहे.

१७ जानेवारी १९४९

अ‍ॅम्फ्लेट आला होता. कोट नवीन, बोटं तशीच सॉसेजसारखी. त्याला पेशन्स विदीबरीच्या मार्चमधल्या मोठ्या शर्यतीत हवी आहे. विदीबरीतच त्याचं दुकान.

आयव्हर म्हणाला, "मैदान उजवीकडे वळतं."

"मग? घोडी डावखुरी आहे का?"

"जमीन बरी नाही तिथली."

"प्रीस, त्या गावात तीस वर्षं मी लोकांना कटलेट विकतोय. सगळे मला मागच्या दाराने बोलावतात. एकदा मला पुढच्या दाराने आत जायचंय, घोडीचा लगाम धरून. तुला नको असेल तर दुसरा ट्रेनर बघतो."

ज्यूक्सने टोपी काढून तिच्या आत बघायला सुरुवात केली. मला वाटलं आता बफ्टन आयव्हरची बाजू घेईल, पण तो म्हणाला, "मी बसेन."

आयव्हर त्याच्याकडे वळला. "विचार कर."

"केलाय. मला एक मोठी शर्यत हवी आहे. एकच."

एवढं साधं बोलणं आणि तिघांचे चेहरे असे, जणू कुणाचं मृत्युपत्र वाचलं जातंय. पुरुषांना नाटक करायला निमित्त लागत नाही.

८ फेब्रुवारी

आज काय झालं ते नीट लिहिते.

माळ्यावरून सफरचंदं काढत होते. खालून बफ्टन चालला होता. "झेला," म्हणून मी एक फेकलं. ते त्याच्या डाव्या कानावर बसलं. हात वर गेलाच नाही. घोड्यावरून उड्या मारणाऱ्या माणसाला सफरचंद झेलता येऊ नये, याचं मी तोंड भरून कौतुक केलं. तो कान चोळत हसला. पण त्याने आधी उजवीकडे वळून, पूर्ण गिरकी घेऊन माझ्याकडे बघितलं होतं. ती गिरकी माझ्या डोक्यातून जाईना.

दुपारी तो पेपर वाचत बसला होता. भिंत आणि त्याची खुर्ची यांच्यात मी कशीबशी घुसले, कपाट पुसायचं निमित्त करून. मग लाकडी चमचा हळूच पुढे नेला, त्याच्या डाव्या डोळ्याच्या अगदी जवळ. पापणी हलली नाही. त्याने पान उलटलं.

"मिस्टर बफ्टन, हा चमचा दिसतोय का?"

"कुठला चमचा?"

मी तो तसाच धरून ठेवला. मग त्याने मान वळवली आणि चमचा त्याच्या नाकाला लागला. मी हसले नाही. एरवी हसले असते.

इटलीत डोळ्यात गेलेला तोफगोळ्याचा बारीकसा तुकडा, त्याने सांगितलं. डोळा दिसायला धड आहे, आत काही नाही. तपासणाऱ्या डॉक्टरने एकेक डोळा झाकायला सांगितलं तेव्हा याने दोन्ही वेळा तोच डोळा झाकला, फक्त हात बदलला. माझ्या घरात चार महिने हे चाललं होतं आणि मी टेबलक्लॉथ धूत होते.

"अहो, मग उडीचं अंतर कसं कळतं?"

"कळत नाही. सगळं चित्रासारखं सपाट दिसतं. पेशन्सचे कान उभे राहिले की समजायचं, कुंपण आलं. बाकी तिचं तिला माहीत."

"आणि डावीकडून येणारे घोडे?"

"डावं वळण असलं की मी आतल्या कठड्याला चिकटतो, मग डावीकडे कुणी येतच नाही. आणि जॉकी लोकांना माहीत आहे. कपडे बदलायच्या खोलीत काही लपत नाही. जो डावीकडे येईल तो ओरडतो. 'बफ्टन, मी आहे रे गाढवा, सरक.' शर्यत सोडत नाहीत कुणी माझ्यासाठी, पण ओरडतात."

विदीबरीला वळणं उजवी. म्हणजे सगळं मैदान त्याच्या डावीकडे. मी म्हटलं, मी आयव्हरला सांगणार.

तो उठून उभा राहिला. "एवढी एक शर्यत होऊ द्या, मिस प्रीस. शेतावर होतो तेव्हा कुणी नव्हतो, रणगाड्यात चौघांतला एक होतो. हे एक मला येतं. मैदानावरच्या पंचांना कळलं तर त्याच दिवशी लायसन्स जाईल, आणि ते बरोबरच आहे. पण विदीबरीनंतर जाऊ दे."

मी शब्द दिला. का दिला ते माझं मला कळत नाही. मला भीती वाटते आहे, आणि ही भीती घोडीबद्दल नाही.

९ फेब्रुवारी

आयव्हरला आडवळणाने विचारलं, "एखादा घोडा एका डोळ्याने अधू असला, तर तू त्याला पळवशील?"

आयव्हर पाइप साफ करत होता. "वर कोण आहे आणि खाली कोण आहे, त्यावर अवलंबून."

"मी घोड्याबद्दल विचारतेय."

"हो, हो. घोड्याबद्दलच." मग थोड्या वेळाने, "त्याच्यावर ओरडणारं कुणीतरी हवं."

माझ्या बोलण्याकडे याचं कधी लक्षच नसतं.

५ मार्च

ज्यूक्स सांगून गेला, "शर्यतीच्या दिवशी स्टँडमध्ये बसू नका, बाई. शेवटच्या कुंपणापाशी कठड्याला उभ्या राहा. तिथून बरं दिसतं."

मी कुठे जाणार आहे म्हटलं होतं? मी हॅटला नवी फीत लावते आहे, पण ती लावायची होतीच.

१२ मार्च

विदीबरीहून आलो, आजचं आजच लिहिते.

शेवटच्या कुंपणापाशी उभी होते. कठड्याशीच गोल हॅट घातलेले, दुर्बीण लावलेले एक गृहस्थ होते, दंडावर पंचाची पट्टी. त्यांनी अदबीने मला जागा करून दिली. मला पळून जावंसं वाटलं.

पहिल्या फेरीत घोळका समोरून गेला तेव्हा मी प्रथमच ते ऐकलं. लांबून शर्यत म्हणजे रेशमी सदऱ्यांची शोभा. जवळून ती मासळीबाजार आहे. घोड्यांचे श्वास, फांद्या मोडल्याचे आवाज, आणि त्यातून शिव्या. "बफ्टन, डावीकडे! मी आहे!" "डावीकडे दोघं, क्लेम, आत सरक!" कुणी वेग कमी केला नाही, कुणी जागा दिली नाही, पण प्रत्येक जण ओरडून गेला. मला रडू आलं. पंचांनी विचारलं, थंडी वाजतेय का. मी हो म्हटलं.

दुसऱ्या फेरीत बरेच पडले. शेवटच्या वळणावर पेशन्स पुढे होती, सगळ्यांच्या पुढे, आणि बफ्टन पोत्यासारखा बसलेला, हात मांडीशी. मागे फक्त एक काळा घोडा. समोर माझं कुंपण. अ‍ॅम्फ्लेटचा आवाज स्टँडमधून इथपर्यंत येत होता.

आणि डावीकडून तो करडा घोडा आला. त्याचा जॉकी मागेच कुठेतरी पडला होता. मोकळा सुटलेला, रिकिबी पोटावर आपटताहेत, आणि तो तिरका, कुंपण आडवं कापायला, सरळ पेशन्सच्या खांद्याकडे येत होता. त्याच्यावर कुणी नव्हतं. ओरडायला कुणी नव्हतं. पेशन्सचे कान कुंपणाकडे लागले होते.

पंच माझ्या हाताच्या अंतरावर उभे होते. मी शब्द दिला होता. हे सगळं मला माहीत होतं, विसरले बिसरले नव्हते.

"क्लेम! डावीकडे! डावीकडे घोडा!"

आईच्या अंत्यविधीतसुद्धा मी आवाज चढवला नव्हता. पंचांनी दुर्बीण खाली घेतली. करड्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

त्याने लगाम ओढला. त्या घोडीला त्याने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी सांगितलं, आणि तिने ऐकलं. ती उजवीकडे सरकली, करडा तिच्या शेपटीला घासून कुंपणाच्या कडेच्या फळ्या फोडत गेला. पेशन्सने जागच्या जागी उडी मारली, पडता पडता सावरली. तेवढ्यात काळा पुढे निघून गेला. शेवटी अंतर अर्ध्या घोड्याचं राहिलं. दुसरा नंबर.

मी कठड्याला धरून खाली बसले. नवी फीत चिखलात.

१३ मार्च

काल लिहिता आलं नाही ते आज लिहिते. शर्यतीनंतर जॉकींचं वजन करतात, ते झाल्यावर पंचांनी त्याला बोलावलं. गोठ्याएवढा घोडा शेजारी आला हे एका बाईला सांगावं का लागलं, असं विचारलं. त्याने खरं ते सांगितलं. त्यांनी त्याच्याशी हस्तांदोलन केलं आणि लायसन्स ठेवून घेतलं. एक हिवाळा, एवढीच त्याची कारकीर्द.

अ‍ॅम्फ्लेट मात्र हवेत होता. "दुसरा नंबर! मी कधी कशात दुसरा आलो नव्हतो." मेजर की कोण त्याने त्याला पुढच्या दाराने चहाला नेलं.

घरी येताना लॉरीत आयव्हर म्हणाला, "पाच महिने मिस्टर बफ्टन, मिस्टर बफ्टन. आणि आज सगळ्या जिल्ह्यादेखत क्लेम."

"तुला माहीत नाही, आयव्हर. त्याचा डोळा..."

"अगं, कुठल्याही घोड्याचा डोळा अधू असला तर मला पाच मिनिटांत कळतं. हा तर माझ्यासमोर चहा ओतत होता."

"ज्यूक्सला?"

"त्याला माझ्याही आधी कळलं. तुला शेवटच्या कुंपणापाशी उभं करायचं पण त्यानेच ठरवलं. म्हणाला, तिथे जर काही झालं तर बाईंच्या आवाजावर भरवसा आहे."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या समोर बसून रोज जेवणारी मी तेवढी राहिले होते. क्लेम मागे घोडीजवळ बसला होता.

१८ मार्च

क्लेम माझ्याशी बोलत नाही. खोगिराला तेल लावत बसतो. ते त्याच काळ्या घोड्याच्या जॉकीला देऊन टाकणार आहे म्हणे.

आज मी मूत्रपिंडं घालून मांसाचं पुडिंग केलं आणि त्याच्या ताटात आयव्हरएवढं वाढलं. त्याने सगळं खाल्लं. आयव्हर उठून गेला, ज्यूक्सला उगाच काम आठवलं. मी भांडी गोळा करू लागले. माफी मागणार नव्हते, मागितली नाही.

"मला ऐकू आलं होतं," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "एक क्षण वाटलं, ऐकलंच नाही असं करावं. मी हललो नसतो तर तुम्ही कुठल्यातरी घोड्याच्या नावाने ओरडणारी एक बाई. पंचांना काही कळलं नसतं. आणि करडा चुकलाही असता कदाचित."

"चुकला नसता."

"माहीत आहे."

"मग का वळलात?"

त्याने ताटातला रस्सा पावाने पुसून घेतला. "मला वाटायचं, शर्यतीपेक्षा मोठं मला दुसरं काही नकोय. तुमचा आवाज आला, आणि एकदम मेलो तर वाईट होईल असं वाटलं."

"माझ्यावर राग आहे?"

"आहे."

"किती दिवस असेल?"

"बघू. आणखी पुडिंग आहे का?"

२७ मार्च, रविवार

क्लेम जात नाही. आयव्हरने त्याला नव्या शिंगरांना हाताशी धरून शिकवायच्या कामावर ठेवलंय, जमिनीवरून. वजन वाढायला लागलंय. कान अजून तेवढेच आहेत.

दुपारी दारात उभा राहिला. टोपी हातात. वरच्या शेतात कोकरं झाली आहेत, बघायला येतेस का म्हणाला. मला बरीच कामं होती. मी कोट घातला.

अंगणाबाहेर पडताच मी त्याच्या उजवीकडे झाले, म्हणजे बोलताना त्याला मी दिसेन. चार महिने त्याच्या आंधळ्या बाजूला उभी राहून त्याला शिष्ट म्हटलं, तेवढी अक्कल आता आली आहे मला.

तो थांबला. "इकडे नको. डावीकडे ये."

"तिथून मी दिसणार नाही तुला."

"उजवीकडचं माझं मला दिसतं, हेस्टर. डावीकडे माणूस लागतं."

मी वळसा घालून डावीकडे गेले. चिखल सगळा त्याच बाजूला होता.